भिंतीपलीकडची भाषा

३ फेब्रुवारी, सोमवार

“काहींच्या पानात उशिरा वाढतात गं, ठकू.”

आत्या हे म्हणाली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. प्रार्थना-शिबिराची शेवटची संध्याकाळ. आमच्या खोलीत अकरा मुली. त्यातल्या दहा जणींना त्या तीन दिवसांत अन्य भाषांचं दान मिळालं होतं — न शिकलेल्या, ऐकणाऱ्या कुणालाच न कळणाऱ्या भाषेत त्या प्रार्थना करत होत्या, कुणी रडत, कुणी हसत. अकरावी मी. पायांना मुंग्या आल्या म्हणून बोटं हलवत पवित्र आत्म्याची वाट बघत बसलेली! शेवटी आत्याच आली. मला उठवलं, फ्रॉक झटकला आणि हे वाक्य म्हणाली.

बत्तीस वर्षं झाली. पान अजून मांडलेलंच आहे.

आज हे आठवलं ते चर्चच्या नव्या पाळकांमुळे. काल उपासनेनंतर त्यांनी जाहीर केलं — येते सहा रविवार आत्मिक दानांवर. रोग्यांना बरं करणं, देवाकडून आलेला संदेश सांगणं, अन्य भाषा — आजच्या मंडळीत या सगळ्याची जागा काय? आणि सहाव्या रविवारी प्रत्येकाने उभं राहून आपलं दान कोणतं ते सांगायचं.

घरी येताना आत्या म्हणाली, “एकतीस वर्षांचा पोरगा. दाढी धड येत नाही अजून, आणि मला माझं दान शोधून देणार!” बोलली रागाने, पण खूश होती. तिला तिचं दान चांगलंच माहीत आहे. मंडळीतल्या सगळ्यांना माहीत आहे. अन्य भाषा — दर रविवारी, तिसऱ्या रांगेत, खांबाजवळच्या खुर्चीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

फॉर्म आले. सत्तर प्रश्न! ‘लोक माझ्यापाशी मन मोकळं करतात — कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी.’ प्रत्येक उत्तराला गुण, शेवटी बेरीज, आणि ज्या रकान्यात जास्त गुण ते तुमचं दान.

नवऱ्याचं निघालं ‘कारभार चालवणं’. ज्याला स्वतःचा चष्मा स्वतःच्या डोक्यावर सापडत नाही! तो म्हणाला, “देव दुर्बलांचाच वापर करतो,” आणि मला विचारून पायमोजे घेऊन गेला.

आत्याने एकही प्रश्न वाचला नाही. सत्तर प्रश्नांवरून शिवणाच्या खडूने एक तिरकी रेघ ओढली आणि खाली लिहिलं — त्याला ठाऊक आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला रविवार. चहाच्या वेळी लगेच जुंपली.

पोस्टमास्तर — आता निवृत्त, पण मंडळीचा कारभार अजून तेच बघतात — कपात बिस्कीट बुडवत म्हणाले, “ती दानं येशूच्या प्रेषितांबरोबर संपली. इमारत बांधताना परांची लागते. इमारत झाली की परांची काढतात.”

उपासनेत गाण्यांना साथ करणारी गिटारवाली उसळलीच. “संपली? मागच्या महिन्यात माझ्या मावशीचा गुडघा बरा झाला, प्रार्थनेने!”

“गुडघे आपोआपही बरे होतात.”

“तुमचा का नाही झाला मग?”

सगळे हसले, पोस्टमास्तरही. त्यांचा गुडघा खरंच वाईट आहे.

आत्या वादात पडली नाही. खुर्च्या घडी करताना मला म्हणाली, “परांची म्हणे! मी काय बांबू आहे?”

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाळक दवाखान्यात आले होते, माझ्या खोलीत. रोग्यांच्या खुर्चीत बसले, कारण दुसरी नाही. भिंतीवरची चित्रं बघत होते — कप, किल्ली, कंगवा. पक्षाघाताचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली त्यांच्याशी मी रोज या चित्रांवरून झगडते. ‘किल्ली दाखवा.’ कंगवा दाखवतात. ‘बरं, परत.’ वीस वर्षं हेच. मला हे काम आवडतं. एखाद्याला सहा आठवड्यांनी ‘पाणी’ म्हणता आलं की मला त्या दिवशी भूक जास्त लागते.

पाळक म्हणाले, “ताई, एक विचारू? तुम्ही यातल्या जाणकार. आत्याबाई जे बोलतात... ती भाषा आहे का?”

मी विचार केला नाही. कामावर होते, कामाच्या आवाजात उत्तर दिलं. म्हणाले, “भाषेला व्याकरण लागतं. यात मला तरी दिसत नाही. तेच तेच सात-आठ उच्चार फिरून येतात.”

“म्हणजे अर्थ नाही?”

“मला सापडेल असा नाही.”

त्यांनी मान हलवली, आभार मानले, चित्रातल्या कंगव्याकडे आणखी एकदा बघून गेले.

मी खोटं बोलले नाही. मग दिवसभर चपलेत खडा गेल्यासारखं का वाटतंय?

१६ फेब्रुवारी, रविवार

माझ्या फॉर्मची बेरीज लागली. दान: मदत. म्हणजे खुर्च्या लावणं. चला, निदान सराव आहे!

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज लवकर जाग आली आणि तशीच पडून ऐकत राहिले.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची. बाबा फिरतीवर. आत्याने लग्न केलं नाही, शिवणाच्या शाळेत चाळीस वर्षं बाई होती, आणि मला वाढवलं. तेव्हापासून तिची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच भिंत. घरं बदलली, माझं लग्न झालं, ती आमच्याकडे राहायला आली, पण भिंत तशीच. सकाळी सहाला ती आधी साध्या शब्दांत प्रार्थना करते — माझं नाव, नवऱ्याचं नाव, शाळेतल्या जुन्या मुलींची नावं, शेजारणीचा दमा. मग शब्द संपतात आणि ती भाषा सुरू होते. तिच्यात ‘ल’ फार. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज तीन पायऱ्या खाली उतरतो. एक, दोन, तीन, आणि मग पुढची ओळ.

लहानपणी परीक्षेच्या दिवशी मी या आवाजाने उठायचे. आजही तो ऐकला की वाटतं, घरात कुणीतरी जागं आहे, आपण आणखी दहा मिनिटं झोपलो तरी चालेल.

हे पाळकांना सांगायला हवं होतं. पण त्यांनी हे विचारलंच नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

झालं ते असं. पाळकांनी प्रवचनात नियम सांगितला. शास्त्रातलाच आहे, त्यांच्या पदरचा नाही — सभेत कुणी अन्य भाषेत बोललं तर अर्थ सांगणारं कुणी हवं. नसेल तर बोलणाऱ्याने मनातल्या मनात, देवाशी बोलावं. आजवर आमच्याकडे कुणी हा नियम लावला नव्हता. ते नरमपणे बोलले, कुणाचं नाव घेतलं नाही. पण दीडशे डोकी तिसऱ्या रांगेकडे वळलीच.

तिथवर ठीक होतं. दारात हात मिळवताना ते आत्याला म्हणाले, “राग मानू नका. मी घाईने ठरवलं नाही. ताईंनाही विचारलं होतं.”

बसथांब्यापर्यंत आत्या माझ्या चार पावलं पुढे चालली. बस आली, गेली. आम्ही चढलो नाही.

“तू माझी प्रार्थना तपासलीस?”

“आत्या, त्यांनी विचारलं म्हणून —”

“तुझ्या त्या रोग्यांसारखी? कप, किल्ली, कंगवा?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

दुसरी बस आली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सहा वाजले. सव्वासहा. भिंत गप्प.

२ मार्च, रविवार

भिंत अजून गप्प. आत्या माझ्याशी बोलते तशी — भाजी आण, दार लाव, गॅसवाला आला होता. पण ‘ठकू’ म्हणत नाही. नवरा म्हणाला, “माफी माग आणि मोकळी हो.” मी म्हणाले, “कशाची? मी खरं तेच सांगितलं.” तो म्हणाला, “म्हणून तर मागायची. खोटं असतं तर ती हसली असती.”

हा माणूस चष्मा शोधत असतानाच शहाणपणाचं बोलतो.

६ मार्च, गुरुवार

माझा एक रोगी आहे, बसचा निवृत्त ड्रायव्हर. झटक्यानंतर त्याच्याजवळ एकच शब्द उरलाय — ‘चला’. भूक लागली, चला. नाही नको, चला. बायको आली की ‘चला’ असं म्हणतो की मला खिडकीबाहेर बघावं लागतं. त्याची बायको म्हणते, “बाई, सगळं कळतं हो मला. चाळीस वर्षांचा संसार आहे. शब्द काय करायचेत?”

व्याकरण नाही. एकच उच्चार फिरून येतो. आणि तिला सगळं कळतं.

घरी येऊन आत्याच्या दारापर्यंत गेले. ती मशिनीवर होती, टाचणी तोंडात. तोंडात टाचणी असली की तिच्याशी बोलायचं नसतं, हा घरातला जुना नियम आहे. परत आले. नियम आयता सापडला म्हणून बरं वाटलं — हेही लिहून ठेवते.

१५ मार्च, शनिवार

उद्या सहावा रविवार. ठरवलंय — उपासना झाली की, खुर्च्या लावायच्या आधी, तिला खांबाजवळच गाठायचं आणि माफी मागायची. वाक्यसुद्धा तयार केलं. ‘आत्या, मी उत्तर बरोबर दिलं, पण तुझ्याबद्दल नाही दिलं.’ वाईट वाक्य आहे. उद्यापर्यंत सुधारेल.

१७ मार्च, सोमवार. हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात.

लिहून काढते. नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

काल रांगेने एकेक जण उभा राहत होता. नवरा म्हणाला, “कारभार,” आणि सभेतली मुलंसुद्धा हसली. पोस्टमास्तर म्हणाले, “हिशेबीपणा. यादीत नाही, पण आहे.” मी म्हणाले, “मदत,” आणि बसले. मग तिसरी रांग.

आत्या उभी राहिली. मला वाटलं, एखादं टोचणारं वाक्य येणार. तिने तोंड उघडलं आणि ती भाषा आली — धो धो, न थांबता. सगळी सभा श्वास रोखून. तीन आठवडे गप्प बसवलेली बाई! मागून कुणीतरी ‘स्तुती असो’ म्हणालं. गिटारवालीच्या डोळ्यांत पाणी. पाळकांचा चेहरा मी बघितला, तो पोरगा खरोखर आनंदला होता. नियम ते विसरले नाहीत, पण प्रेमाने विचारलं, “अर्थ सांगणारं कुणी आहे का?”

आणि मी ऐकत होते.

त्यात ‘ल’ नव्हते. पायऱ्या नव्हत्या. ओळीचा शेवट वर जात होता, प्रश्न विचारताना जातो तसा. आणि प्रार्थना करताना आत्याचे डोळे मिटलेले असतात, नेहमी, चाळीस वर्षं. काल ते उघडे होते आणि सभेत मला शोधत होते. ती देवाशी बोलत नव्हती. ती मला काहीतरी विचारत होती.

मी उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, मी अर्थ सांगायला उभी राहिले!

म्हणाले, “अर्थ असा आहे की हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं.”

मग गिटारवाली — “ताई! आत्म्याला अडवू नका!” कुणी म्हणालं, “खाली बसा.” कुणी म्हणालं, “घरचं भांडण इथे नको.” ते सगळ्यात लागलं. मी खुर्च्यांमधून तिच्यापर्यंत पोहोचले, तिचे दोन्ही हात धरले. उजव्या हाताने तिने माझा हात धरलाच नाही. म्हणाले, “आत्या, खुर्ची दाखव.” ती गोड हसली आणि बोलत राहिली. “आत्या, डोळे मीट.” बोलत राहिली. माझं बोलणंही तिच्यापर्यंत पोहोचत नव्हतं.

क्षणभर पाळक नुसते उभे. माझ्याकडे बघत, तिच्याकडे बघत. मग माईकवरच म्हणाले, “गाडी कुणाची जवळ आहे?”

पोस्टमास्तरांची होती. हा माणूस आयुष्यभर तिसाच्या पुढे काटा जाऊ देत नाही. काल त्यांनी लाल सिग्नल तोडला! तोडताना “क्षमा असो, क्षमा असो” म्हणत होते — देवाला की पोलिसाला, माहीत नाही. गिटारवाली न विचारता मागे बसली, आत्याचं डोकं मांडीवर घेऊन. गिटार पाठीवरच.

मेंदूत रक्ताची गुठळी. गुठळी विरघळवायचं औषध ठरावीक वेळातच देता येतं. डॉक्टर म्हणाले, “वेळेत आणलंत. आणखी दोन तासांनी काही करता आलं नसतं.”

दोन तास. उपासना, मग चहा, मग खुर्च्या.

१८ मार्च, मंगळवार

आत्या झोपलेली. श्वास नीट. देवा.

२१ मार्च, शुक्रवार

धोका टळला. हातात जोर येतोय. शब्द आले नाहीत.

पोस्टमास्तर सफरचंदं घेऊन आले. वऱ्हांड्यात मला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला. “बोलू नये, पण शेवटी तुम्हीच सिद्ध केलंत. सभेला जे दान वाटलं तो आजार निघाला. मी म्हणत होतोच.”

राग आला असता, पण त्यांनी सिग्नल तोडलाय. म्हणाले, “मास्तर, नोटांची गड्डी मोजताना खोटी नोट तुम्ही कशी ओळखायचात?”

“हाताला कळते. आयुष्यभर खऱ्याच मोजल्या ना.”

त्यांनी पिशवीतून एक सफरचंद काढलं. मग म्हणाले, “हं.” आणि सफरचंद कापून दिलं.

गिटारवाली रोज येते. पहिल्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडली. “मी तुम्हाला थांबवत होते, ताई. तुम्ही ऐकलं असतंत तर?” मी म्हणाले, “तू गाडीत आधी बसलीस.” एवढंच सुचलं.

२५ मार्च, मंगळवार

शब्द आले! पण पेटी सांडल्यासारखे. पाण्याला ‘बटण’ म्हणते. चहाला ‘अस्तर’. डॉक्टरांना ‘हा उलटा शिवलाय’. आणि मला — ‘बॉबिन’. शिवणाची शाळा जाग्यावर आहे, बाकीचं शोधायचंय. नवरा आल्या-आल्या म्हणाला, “कशी आहेस, बॉबिन?” आत्या त्याच्याकडे बघून इतकी हसली की नर्स धावत आली.

घरच्या माणसाला मी शिकवत नाही. ते जमत नाही, आपण रडतो. माझ्या हाताखालची मुलगी तिच्यासोबत बसते. कप, किल्ली, कंगवा. आत्याने कंगव्याचं चित्र घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं! तिला बसथांबा आठवला असं मला वाटलं. कदाचित मलाच आठवला.

मुलगी गेल्यावर माफी मागितली. ते वाईट वाक्य नाही वापरलं. नुसतं म्हणाले, “आत्या, चुकलं माझं.” तिने माझ्या बाहीचा सुटलेला दोरा बघितला, बोटाने गुंडाळला, तोडला. “अस्तर,” म्हणाली.

चहा हवा होता की काय होतं, कळलं नाही. चहा आणला. ती प्यायली. पोहोचलं का, ते अजून माहीत नाही.

३० मार्च, रविवार

उपासनेनंतर पाळक हॉस्पिटलमध्ये आले. आत्याच्या पायाशी बसले. आत्या म्हणाली, “काज.” ते म्हणाले, “हो, आत्याबाई.” काय कबूल केलं त्यांनाच ठाऊक!

मग मला म्हणाले, “ताई, फॉर्मने तुम्हाला ‘मदत’ दिलं. मला वाटतं, बेरीज चुकली.”

“खुर्च्या मी चांगल्या लावते.”

“मी विचारलं, अर्थ सांगणारं कुणी आहे का. दीडशे माणसांत एकटं कोण उभं राहिलं?”

“ते कान आहेत, पाळकसाहेब. वीस वर्षं पगार घेऊन तयार केलेले.”

“पगारी कानात देव काही ठेवत नाही, असं कुठे लिहिलंय?”

मी आत्याची चादर नीट केली. तेच पुढे म्हणाले — येत्या रविवारी उभं राहून साक्ष द्याल का? मंडळी घाबरली आहे. निम्मे म्हणतात, यापुढे अन्य भाषा नकोतच. निम्मे म्हणतात, ताई होत्या म्हणून वाचलो, आपण काय ओळखणार! “तुम्ही बोललात तर बरं होईल.”

मी धीर करून नियमाचं विचारलं. ते म्हणाले, “तो राहील. आता तर राहायलाच हवा ना, ताई? अर्थ सांगणारं नसेल तर नाही.” चूक नाही म्हणत ते. त्या दिवशी त्यांनी तो प्रश्न विचारला नसता तर मी उभी राहिले असते का?

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग? वाढलं ना शेवटी पानात?”

म्हणाले, “वाढलं असेल. पण जिने पानावर बसवलं ती उपाशी आहे.”

३ एप्रिल, गुरुवार

आत्या घरी. दारात थांबली, भिंतीवरून हात फिरवला, कापड बघतात तसा. मशिनीपाशी बसून पाय टेकवला. चाक फिरलं. “बॉबिन,” म्हणाली — आणि या वेळी खरोखर बॉबिनच हवी होती! मीच धावत पुढे गेले. दोघी हसलो, पोट दुखेपर्यंत.

संध्याकाळी घरात तिघांची ताटं. इतकं साधं. मला आणखी काही नको होतं. खरंच.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी प्रार्थनेला बसलेली दिसली. साधे शब्द शोधत होती. ‘शेजारीण’ सापडली नाही, ‘दमा’ सापडला नाही. बोटं मोजून सोडून देत होती. मी दार लोटून घेतलं. पुढचं ऐकवलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

सहा वाजून पाच मिनिटं. भिंतीपलीकडे ती भाषा.

आधी वाटलं, झोपेत आहे. मग उठून बसले. भिंतीला कान लावला. वीस वर्षांचा, पगारी. ‘ल’ होते. प्रत्येक ओळीला तीन पायऱ्या — एक, दोन, तीन. जिला पाण्याला पाणी म्हणता येत नाही, ती सलग बारा मिनिटं बोलत होती आणि एकदाही अडखळली नाही. माझ्याजवळ याचं कारण आहे. पुस्तकातलं आहे, मी ते शिकवते. वस्तूंची नावं गेली तरी गाणी उरतात, मोजणी उरते, पाठ झालेलं उरतं. ते कारण खरं आहे. ते मी पाळकांनाही सांगेन, विचारलं तर. पण या वेळी विचारलं नाही तरी बाकीचं सांगेन.

नाश्त्याच्या आधी चिठ्ठी लिहून नवऱ्याच्या हाती पाठवली:

‘पाळकसाहेब, उद्या माझी साक्ष नको. ती वेळ आत्याला द्या. ती तिसऱ्या रांगेतून, तिच्या भाषेत, मोठ्याने प्रार्थना करील. अर्थ सांगणारं कुणी नाही. मीही नाही. अर्थ मला तेव्हाही आला नव्हता, आताही येत नाही. ही तीच आहे, एवढंच मी ओळखते. मागे तुम्ही विचारलंत तेव्हा हे सांगायचं राहिलं. तरीही द्याल का?’

नाही म्हणतील. मला माहीत आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.

आत्याचा रविवारचा ब्लाउज इस्त्री करून ठेवते आहे.